एका घरात दोन चुली

सोमवार, ३ नोव्हेंबर

सना, सगळ्यात आधी हे लिही, की मी तसं काही बोलले नव्हते.

आज पेपरात माझा फोटो आला. स्वामीजींचा हात माझ्या डोक्यावर, माझं तोंड उघडं, आणि खाली माझ्या नावावर छापलंय, ‘त्यागातच माझा आनंद आहे.’ सनानं वाचून दाखवलं. सना म्हणजे शेजारच्या मदिनाबीची नात, कॉलेजात जाते. मला अक्षर येत नाही, म्हणून माझ्या तोंडी कुणीही काहीही घालतं. आता ठरवलं, मी सांगायचं आणि हिनं लिहायचं. ही पोरगी माझ्या ‘हाय’चं ‘आहे’ करते. करू दे. पण दुसऱ्यांचं बोलणं ते बोलले तसंच ठेव म्हटलंय.

झालं असं. काल चिंचमठात प्रवचन होतं. सरकार नवा नियम आणणार म्हणतात, एका चुलीला एकच मदत. सासूला निराधाराची पेन्शन आणि सुनेला बायकांच्या योजनेचे पैसे, असं दोन्ही एका घरात चालणार नाही. एकीचं बंद. आमच्या घरात नेमकं तसंच आहे. पेन्शन मला, योजना प्रभाला. प्रभा माझी सून. निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळं आमदारांना हे स्वतःच्या तोंडानं सांगायला जड जात असावं. त्यांनी स्वामीजींचं तोंड घेतलं, आणि स्वतः बाजूला डोळे मिटून बसले.

स्वामीजी म्हणाले, “सूर्य रोज उगवतो. त्यानं कधी पगार मागितला का?” सगळ्या बायकांनी माना हलवल्या. मग म्हणाले, “ज्या माउली आपला लाभ आपणहून सोडतील, त्यांनी हात वर करावा.” बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. कुणीतरी धरून उठवावं म्हणून मी हात वर केला, तर उठवायला थेट आमदार आले. गळ्यात हार घातला. माइकवर ओरडले, “पहिली त्यागमूर्ती, केराबाई!” मी म्हटलं, “खुर्ची द्या.” तेवढं पेपरात आलं नाही.

पेन्शन म्हणजे काही घबाड नाही. डोळ्यातले थेंब आणि मिश्री, एवढ्यात संपते. थेंब चुकवले तर दिसायचं जाईल असं डॉक्टरनं बजावलंय. सिदू, माझा मुलगा, चादरीच्या कारखान्यात मागावर असतो. त्याला मागितलं तर तो नाही म्हणणार नाही. तो प्रभाकडं बघेल, प्रभा छताकडं बघेल, आणि मी त्या दोघांकडं बघत उभी राहीन. ते मला नको आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मदिनाबीनं सनाच्या हाती वाटीभर दालचा पाठवला. मी वाटी धुऊन, शेंगाची चटणी भरून परत नेऊन दिली. आमच्या गल्लीत शेजारणीची वाटी रिकामी परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. घरातल्या घरात अर्थातच असलं काही नसतं. तिथं वाटी कुणाची आणि आमटी कुणाची, कोण बघतंय!

मदिनाबी म्हणाली, “केरा, तुझा सूरज आमच्या मशिदीत पण आला की गं काल.”

“म्हणजे?”

“आमचा नईम ऐकून आला. मौलाना बोले, सूरज ने कभी तनखा माँगी क्या? आणि हात वर करा म्हणाले. कुणी केला न्हाय. तिथं कुणाच्या पायाला मुंग्या आल्या नसतील.”

आम्ही दोघी इतक्या हसलो की तिची कवळी सैल झाली. मग मी विचारलं, दोन्हीकडं सूर्य एकच कसा? मदिनाबी म्हणाली, आमदाराकडं भाषण लिहून देणारा पोरगा एकच असेल, त्याला दोन सूर्य काढायला वेळ कुठला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

तोड प्रभानंच काढली. नियम चुलीवर आहे ना? मग चूल वेगळी करायची. मोजायला येतील तेव्हा दोन चुली दिसल्या की झालं, सासू वेगळी आणि सून वेगळी.

सिदूचा चेहरा पडला. “लोक म्हणतील सिदूनं आईला काढली.”

“नाटक हाय ओ ते,” प्रभा म्हणाली. “मोजणी झाली की मोडायची. आत्या, तुमाला काय वाटतं?”

मला काय वाटणार! उत्साहच आला. मागच्या पडवीत मीच मातीची चूल घातली. लहानपणी जेऊरला घालायचे, हात विसरले नव्हते. मध्ये माझी जुनी साडी बांधून पडदा केला. सिदू पडद्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते न कळून दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

खरं वाटावं म्हणून प्रभानं माझी ट्रंक पडवीत आणून ठेवली. मग अंथरूण आणलं. मग देवाचा फोटो आणला. ट्रंकेच्या जागी तिनं शिलाई मशीन मांडली. कोपरा अगदी मापाचा निघाला. ह्या पोरीनं एखादं काम करायला घेतलं की अर्धवट म्हणून सोडत नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आता निम्म्या गल्लीत दोन चुली झाल्या आहेत. कुंभार हसतोय. जन्मभर एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या सासवा-सुना वेगळं व्हायचं म्हणून एकत्र बसून माती कालवतायत. मदिनाबीनंही जिन्याखाली चूल घातली. तिथं बसली की तिचं डोकं पायरीला लागतं.

आज तिप्पण्णा आला. तो मठाचा माणूस, अन्नछत्रात वाढतो. दर सोमवारी डोक्यावर टोपलं घेऊन गल्लीत फिरतो. मठाची जुनी रीत आहे, प्रत्येक चुलीमागं दोन कडक भाकरी. मी दोन दिल्या. तो हलेना. पडद्याकडं बघत राहिला.

“अव्वा, नवी चूल हाय की.”

“हाय. मग?”

“मग आनी दोन.”

“अरं, ही खोटी हाय! सरकारला दाखवायला घातलीया.”

“खोटी हाय तर खोटी हाय,” असं म्हणून त्यानं खिशातनं पुडी काढली आणि चुलीला भस्माची तीन बोटं ओढली. “सरकारचं सरकारला. मठात चुलीवर भाकरी. पुढल्या सोमवारी चार.”

मदिनाबीकडंही तेच झालं. मदरशातली मुलं चुलीमागं एक डबा नेतात, आता दोन डबे मागतात. सरकारी माणूस अजून गल्लीत फिरकला नाही, पण देवाच्या दारात आमच्या चुली मोजल्या गेल्या सुद्धा.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज प्रवचनाला सूर्य नव्हता. आज चूल होती.

कुणीतरी आमदारांना गल्लीतल्या मातीची बातमी दिली असणार. स्वामीजी म्हणाले, “चूल फोडणं म्हणजे घराचं काळीज फोडणं. एक घर, एक चूल, एक लाभ, हाच धर्म. आजकालच्या सुना चार पैशांसाठी सासूला पडवीत घालतात!” आमदारांनी डोळे पुसले. कोरडे होते, पण पुसले.

मी पुढच्या रांगेत. त्यागमूर्ती असल्यानं मला आता खुर्ची मिळते. प्रभा माझ्या मागं बसली होती. घरी आल्यावर तिनं पडद्याला कपड्याचे चिमटे लावले, वरपासून खालपर्यंत. मी म्हटलं, “अगं, आत्ता कोण बघतंय?” ती म्हणाली, “सवय असलेली बरी.”

नाटकात असती तर बक्षीस मिळवलं असतं पोरीनं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

फजिती झाली.

मोजणीची बाई आली. अंगणवाडीतली आहे, तिच्या गळ्यात सगळी कामं बांधतात. तिनं प्रभाची शेगडी बघितली, लिहिलं. मग पडवीत आली, चुलीपाशी वाकली, बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट स्वच्छ. वर तिप्पण्णाचं भस्म तेवढं लागलेलं.

“आजी, ही पेटते का कधी?”

“पेटते की.”

“काजळी कुठाय?”

आता काय सांगायचं! चूल घातली खरी, पण आम्ही दोघी शेगडीवरच रांधत होतो. मठाच्या चारी भाकरी सुद्धा तिकडंच झाल्या. चूल वेगळी करण्याचं एवढं नाटक केलं आणि चूल पेटवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाई भली. म्हणाली, “मी आज काही लिहीत नाही. पुढच्या सोमवारी येते. तोवर बघा.”

बाई गेल्यावर प्रभा म्हणाली, “आत्या, आता खरोखरच रांधावं लागंल तुमाला.”

“रांधते की. माझ्या हातचं खाऊन सिदू वाढलाय.”

“तुमच्यापुरतंच रांधा पण. त्या बाईला वासावरनं बी कळंल.”

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

एकटीपुरती आमटी करता येत नाही मला. हात मोठाच पडतो. काल उरली, आज उरली. धुरानं डोळे चुरचुरतात, म्हणजे पेन्शन वाचवायला चूल, आणि चुलीपायी थेंब जास्त.

जेवताना पडद्यापलीकडचं ऐकू येतं. मी तिकडं होते तेव्हा जेवताना कुणी फार बोलायचं नाही. मीच बोलायचे. प्रभाची वाकडीतिकडी भाकरी पुढ्यात आली की मी म्हणायचे, आज नातेपुत्याचा रस्ता काढलाय का, की करमाळा तालुका? प्रेमानं म्हणायचे. ती लग्न होऊन आली तेव्हापासूनची आमची गंमत आहे. आता पलीकडं दोघं सारखी बोलत असतात. काल प्रभा मोठ्यानं हसली. तिला असं हसता येतं हे मला माहीत नव्हतं.

मी पडद्यातनं ओरडले, “मीठ बघितलंस का गं?” दोघं एकदम गप्प झाली. म्हणजे विसरली असणार.

सोमवार, १ डिसेंबर

सना, आज हात दुखला तरी लिही.

आज स्वामीजी माझ्या घरी भिक्षेला आले. त्यागमूर्तीच्या दारात, एका चुलीवरचा प्रसाद घ्यायला. हे आमदारांनी ठरवलेलं. फोटो काढणारे तिघे आले. गल्ली धुऊन काढली, ती मात्र आम्ही. माझी चूल सकाळपासून पेटलेली, कारण मोजणीच्या बाईचा वार. दोन्ही गोष्टी एकाच सोमवारी येतायत हे माझ्या ध्यानात होतं. आमदारांच्या नव्हतं.

स्वामीजी पाटावर बसले. पाठोपाठ तिप्पण्णा टोपलं घेऊन आत आला, सोमवार ना; मी त्यात चार भाकरी घातल्या. आणि त्याच्यामागं मोजणीची बाई. तिनं चुलीला बोट लावलं, काळं झालेलं बोट बघून तिलाच आनंद झाला. “धरली की काजळी!”

आमदार पुढं झाले. “मॅडम, हे घर एकच हाय. आजींनी त्याग केलाय, सगळ्या जिल्ह्याला माहीत हाय.”

“साहेब, माझ्याकडं त्यागाचा रकाना नाही,” ती म्हणाली. “चुली किती, एवढंच विचारलंय.”

“स्वामीजींना विचारा मग!”

सगळ्यांनी स्वामीजींकडं बघितलं. दारात सगळी गल्ली जमलेली. स्वामीजींनी हात वर केला. “घर एक, चूल एक.”

आमदारांनी मान डोलवली. फोटो निघाले. तेवढ्यात तिप्पण्णानं टोपलं खाली ठेवलं आणि त्यातनं दोन भाकरी काढून माझ्यापुढं धरल्या.

“घे अव्वा, परत.”

“हे काय चाललंय?” स्वामीजींनी विचारलं.

“ह्या चुलीच्या हायत, अप्पा. चूल न्हाय तर भाकरी कशी न्यायची? आनी गल्लीतल्या बाकीच्या नव्या चुलींच्या बी परत करून येतो.” त्यानं टोपल्यात हात घालून बघितलं. “निम्मं टोपलं हुतंय. वाढताना कमी पडलं तर लोकांस्नी तुमीच सांगा म्हंजे झालं. मलाच शिव्या बसत्यात.”

तिप्पण्णा भोळा आहे. त्याला कुणाला टोमणा मारायचा नव्हता, त्याला टोपल्याची काळजी.

स्वामीजींनी डोळे मिटले. बराच वेळ मिटले. आमदार खोकले, तरी उघडले नाहीत. बाहेर मदिनाबीचा आवाज आला, “सो गये क्या?” शेवटी म्हणाले, “चूल म्हणजे अग्नी. अग्नीची गणती करणारे आपण कोण?”

“मी आहे ना,” मोजणीची बाई म्हणाली. “मला त्यासाठीच पाठवलंय. एक लिहू का दोन?”

स्वामीजींनी एक डोळा उघडला. टोपल्याकडं बघितलं, मग दारातल्या बायकांकडं. “जिथं अन्न शिजतं ती चूल,” म्हणाले, आणि त्या दोन भाकरी तिप्पण्णाच्या हातातनं घेऊन स्वतः टोपल्यात ठेवल्या.

बाईनं लिहिलं, दोन. बाहेर बायका ओरडल्या, “स्वामीजी की जय!” मनापासून ओरडल्या. आमदारांनी सुद्धा जय म्हटलं. दुसरं काय म्हणतील?

रविवार, ७ डिसेंबर

प्रवचनात आज प्रत्येक चूल शिवालय झाली. मशिदीत परवाच्या शुक्रवारी हर चूल्हे में बरकत होती. भाषण लिहिणारा पोरगा खरोखरच एकच आहे.

पेपरात आमदारांचा फोटो आलाय, एका मातीच्या चुलीला फुंकणी लावताना. सनानं वाचलं, या जाचक नियमाला त्यांचा पहिल्या दिवसापासून विरोध होता. मी म्हटलं, बिचाऱ्याच्या नावावर पण कुणीतरी काहीतरी छापलं का काय!

शनिवार, २० डिसेंबर

नियम मागं घेतला. पुढं बघू म्हणालेत, म्हणजे निवडणुकीपुढं.

गल्लीत सकाळपासून चुली फोडण्याचा आवाज. मदिनाबीनं तर बातमी ऐकली आणि पाट्यावरचा वरवंटाच घातला. तिची सून हात धरून तिला जिन्याखालनं बाहेर काढत होती, दोघी काळ्याकुट्ट, दोघी हसत होत्या.

मी पण फुंकणी घेऊन उठले. प्रभा पडद्याआडनं म्हणाली, “राहू द्या हो आत्या. परत नियम आला तर? पुन्यांदा माती कुटं कालवत बसता.”

लांबचा विचार करते पोरगी. बरोबर आहे तिचं.

दुपारी सिदूनं साडी काढून तिथं प्लायवूड ठोकलं. पडवीतनं वारा येतो, प्रभाच्या मशिनीवरचं कापड उडतं म्हणून. ठोकताना माझ्याकडं बघत नव्हता. खिळे तोंडात धरलेले, त्यामुळं बोलत पण नव्हता. साडी घडी घालून माझ्या ट्रंकेवर ठेवली. पेन्शन जमा झालीय असं सांगून गेला. थेंब मीच जाऊन आणले. कुणाच्या तोंडाकडं बघावं लागलं नाही.

सोमवार, २९ डिसेंबर

तिप्पण्णानं गल्लीच्या तोंडाशीच हाक दिली, “चुली किती?” घराघरातनं उत्तर येत होतं, एक, एक, एक. त्याचं टोपलं बघवत नव्हतं. आमच्या दारात आला. मी काही म्हणायच्या आत प्लायवूडच्या पलीकडनं प्रभानं सांगितलं, “दोन.”

सवयच लागली बिचारीला.

मंगळवार, १३ जानेवारी, भोगी

आज भोगीची भाजी केली. वांगी, गाजर, हरभऱ्याचे घाटे, पावटा, वर तिळाचं कूट. एकटीपुरती करायला गेले आणि पातेलं भरलं. सिदूला माझ्या हातची भोगीची भाजी फार आवडते. माझ्या लग्नातल्या पितळी वाटीत काढली. वाटीला माझं नाव कोरलंय. मला वाचता येत नाही, पण बोटाला ते नाव कळतं. बाजरीची भाकरी वर ठेवली आणि प्लायवूडवर टकटक केलं. प्रभानं प्लायवूडच्या वरनं हात काढून वाटी घेतली.

पलीकडनं ताटं मांडल्याचा आवाज आला. सिदू म्हणाला, “आईची भाजी?” प्रभा म्हणाली, “व्हय. जेवा गप.” मग बराच वेळ कुणी बोललं नाही. म्हणजे भाजी जमली होती.

आत्ता, सना लिहायला बसली तेव्हा, वाटी परत आली. प्रभा बाहेरून, पुढच्या दारानं वळसा घालून आली. पदर नीट घेतलेला. म्हणाली, “भाजी चांगली झाली हुती, आत्या.” इतक्या वर्षांत माझ्या रांधण्याला ती चांगलं म्हणाल्याचं मला आठवत नाही, आणि मी तिच्या. मी म्हटलं, “बस की.” ती म्हणाली, “न्हाय, मशीन चालू हाय.” आणि गेली.

वाटी घासलेली होती, पुसलेली होती, आणि आत साखर होती.

सनानं लिहायचं थांबवलं. वाटीकडं बघत राहिली. म्हणाली, “आजी...”

मी म्हटलं, “अगं, बघतेस काय? मुंग्या लागतील. आधी डब्यात घाल.”